दोन जिवांची कावीळ

आमच्या घरात कुणाला कावीळ झाली की आजी आधी मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटी उचलायची. वाटी माळ्यावर जायची आणि सगळ्या घराच्या आमटीचा रंग उडायचा. आजारी एकटाच, पण पांढरी आमटी सोळा जणांच्या पानात. "पिवळ्याला पिवळं चालत नाही," एवढंच तिचं शास्त्र. तेल बंद, तूप बंद. ताकभात, लाह्या, खडीसाखर आणि उसाचा रस. आम्हा भावंडांना त्यातला रस तेवढा आवडायचा, त्यामुळं घरात अधूनमधून कुणाला तरी कावीळ व्हावी असं आम्हाला वाटायचं. आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

गाव श्रीरामपूरच्या पुढं, प्रवरेच्या पाटाच्या कडेला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, त्याच्या गोष्टी आजोबा सांगायचे. आमच्या लेखी मात्र पाट म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. त्यातच पोहायचं, त्यातच गोधड्या धुवायच्या, त्यातच म्हशी बसायच्या. आड आटला की पिण्याचे हंडेही तिथूनच भरायचे. आजी पाणी चौपदरी धोतरातून गाळायची आणि तुरटीचा खडा रांजणात सात वेळा फिरवायची. पाणी आरशासारखं व्हायचं. नितळ दिसतं ते शुद्ध, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. वरच्या अंगाच्या गावांतही लोक हेच करत असणार आणि त्यांचं सगळं वाहत आपल्याकडं येत असणार, हा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही.

पण पिवळं ओळखण्यात आजीचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. संशय आला की ती माणसाला सकाळी ओसरीच्या पायरीवर पूर्वेला तोंड करून बसवायची. चिमणीच्या उजेडात सगळंच पिवळं, म्हणून रात्री कधी बघायची नाही. खालची पापणी अंगठ्यानं ओढायची, मग नखं, मग जिभेखाली. तरीही नक्की होईना तर वाटीत लघवी धरायला सांगून त्यात तांदळाचे चार दाणे टाकायची. दाणे पिवळे झाले की निकाल. पुढं प्रयोगशाळेचे कागद घरात येऊ लागले तेव्हा मी मुद्दाम ताडून पाहिलं. आजी क्वचितच चुकली होती. चूक व्हायची ती बघितल्यानंतर. बघायचं ते बरोबर आणि करायचं ते भलतंच, अशी आमच्या घराची तेव्हाची अवस्था होती.

करायचं म्हणजे माळवाल्या तात्यांकडं जायचं. ते शेजारच्या वस्तीवर राहायचे. रविवारी आणि बुधवारी त्यांच्या पडवीत रांग लागायची. पैसे घेत नसत. नारळ आणि मूठभर तांदूळ, तेही कुणी आणले तर. मला त्या पडवीची फार ओढ होती. माझ्या थोरल्या भावाची कावीळ उतरवली तेव्हा पितळी परात धरायला मीच बसले होते. परातीत चुन्याची निवळी, अगदी पाण्यासारखी. तात्या हात ओले करून भावाच्या खांद्यापासून मनगटापर्यंत सावकाश खाली ओढायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि त्याचे तळवे निवळीत बुडवून चोळायचे. बघता बघता पाणी पिवळं. हळदीसारखं नाही, जरा मातकट, केशरीकडं झुकणारं. "बघ, कशी उतरती ती," तात्या म्हणायचे. दुसऱ्या खेपेला रंग फिकट, तिसऱ्याला आणखी फिकट. मग गळ्यात माळ. बारीक काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेले, पहिल्या दिवशी कंठाशी, आठवड्यानं छातीवर, पंधरवड्यानं बेंबीपर्यंत. माळ वाढली तेवढी कावीळ बाहेर पडली.

या दोन्हींतलं गौडबंगाल मला कॉलेजात कळलं, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एका कार्यक्रमात. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावलेला असला की चुन्याच्या निवळीत रंग उमटतो. रस कमी कमी लावत गेलं की रंग फिका. काविळीशी संबंध नाही, निरोग्याचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होणार. माळेतल्या काड्या ओल्या असतात. त्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, दोरा सुटा होत जातो. मी घरी येऊन हे आजीला तावातावानं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "मग पोरगा बरा कसा झाला?"

त्याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नव्हतं. आता देता येईल. पाण्यातून होणारी कावीळ म्हणजे हेपटायटिस ए किंवा ई. बहुतेक धडधाकट माणसांत ती चार-सहा आठवड्यांत आपली आपण जाते. तात्यांनी माळ घातली तरी जाते, न घातली तरी जाते. शंभरातले नव्वदच्या वर बरे होणारच असतील तर ज्याच्या पडवीत रांग लागते त्याला यश आयतंच मिळतं.

आणि उरलेले? तात्यांना त्यांचीही खबर होती. कुणी गरोदर बाई आली की ते परात उलटी करून ठेवायचे. "दोन जिवांच्या बाईची कावीळ माझ्याच्यानं उतरत नाही. नगरला न्या." लोक म्हणायचे, तात्यांच्या गुरूनं तशी आण घातली आहे. मला आता वाटतं, आणबिण काही नसावं. चाळीस वर्षांत त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं आणि त्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं होतं. आंब्याची साल हाताला लावणाऱ्या माणसाबद्दल मी हे लिहिते आहे, याची मला कल्पना आहे. पण नकार द्यायला जी बुद्धी लागते ती त्यांच्यापाशी होती, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

१९७७ सालच्या भाद्रपदात मधली आत्या बाळंतपणाला आली होती. आठवा लागलेला. गौरी बसल्या त्या दिवशी तिनं पुरणाचं ताट लोटलं. मळमळतंय म्हणाली. आजीनं आलं-लिंबू दिलं. आठव्यात पित्त होतंच, असं सगळ्या बायका म्हणाल्या. पित्त हा आमच्या घरातला फार ऐसपैस शब्द. मळमळ पित्त, डोकेदुखी पित्त, चिडचिड पित्त, बरगडीखाली उजवीकडं दुखलं तरी पित्त. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीनं आत्याला पायरीवर बसवलं, पापणी ओढली आणि काही न बोलता आत जाऊन हळदीची वाटी उचलली.

तात्यांनी परात उलटी केली. आजोबा चिडले. घरची लेक आहे, नुसता हात तरी लावा म्हणाले. तात्या उठून उभे राहिले, एवढंच मला दिसलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मग वडील सायकलवर कारखान्याकडं गेले, ओळखीनं जीप मागून आणली आणि आत्याला नगरला नेलं. ती जीपमध्ये झोपाळली होती. मोठी आत्या तिला सारखी हाका मारत होती. "झोपू देऊ नका," असं कुणीतरी सांगितलं होतं. आत्या "हूं" म्हणायची. पण उशिरानं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला मुलगा झाला, दिवस भरायच्या आधीच. चौथ्या दिवशी आत्या गेली. शेवटचे दोन दिवस तिला कुणी ओळखू येत नव्हतं. हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणे. हे आम्हा मुलांना पुष्कळ वर्षांनी सांगितलं गेलं. मुलगा जगला. कापसात गुंडाळून, उबेच्या बाटल्या दोन्ही बाजूंना ठेवून, कापसाच्या वातीनं दूध पाजून आजीनं आणि माझ्या आईनं तो जगवला. तोही पहिले पंधरा दिवस पिवळा होता. माळ्यावरची हळद त्या वर्षी दिवाळीपर्यंत खाली आली नाही.

आत्या गेली तेव्हा तिच्या दुखण्याला नाव नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९७८च्या अखेरीला, काश्मीर खोऱ्यात पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू तिचा माग काढत गावोगाव फिरले. तोवर समजूत अशी की पाण्यातून येते ती ए कावीळ. पण रक्त तपासलं तर ए नाही, बीही नाही. आणि गरोदर बायका, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांतल्या, इतरांच्या कितीतरी पट मरत होत्या. हा विषाणू वेगळा आहे असं त्यांनी मांडलं. १९८३ साली रशियात मिखाईल बालायान या शास्त्रज्ञानं रोग्यांच्या विष्ठेतला अंश स्वतः पोटात घेऊन आजार ओढवून घेतला आणि विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. ते वाचून मला आधी शिसारी आली, मग आदर वाटला. त्याला पुढं हेपटायटिस ई म्हणू लागले. दिल्लीत १९५५-५६च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात गटार मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती, तीही हीच होती हे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून नंतर कळलं. दिल्लीत तेव्हा क्लोरीन वाढवला होता. त्यानं जुलाब-विषमज्वराचे जंतू आटोक्यात राहिले, हा मात्र निसटला.

आपल्याकडं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत यावर वर्षानुवर्षं काम झालं. डॉ. विद्या अरणकल्ले हे नाव या विषयात जगभर माहीत आहे. कोल्हापुरातली १९८१ची साथ याच संस्थेनं अभ्यासली. इचलकरंजीत २०१२ साली पुन्हा तेच झालं. नळाचं पाणी, गटाराचं पाणी आणि मधला फुटका पाइप. शेवटच्या तिमाहीत ई कावीळ झालेल्या शंभर बायकांत वीस-पंचवीस दगावतात, असं पुस्तकं सांगतात. का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. नेमकं औषधही नाही. साखर सांभाळायची, रक्त गोठण्याकडं लक्ष द्यायचं, मेंदूला सूज येऊ द्यायची नाही, आणि वेळेत मोठ्या दवाखान्यात असायचं. चीननं २०११ साली या विषाणूची लस मंजूर केली. आपल्याकडच्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. म्हणजे शेवटी प्रश्न पाण्याशीच येऊन थांबतो.

आमच्या घरात पाण्याचं शहाणपण आईनं आणलं. तिचं माहेर जामखेड तालुक्यातलं. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. गावागावातल्या बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. १९७२च्या दुष्काळानंतर बोअर घेतले ते पुष्कळदा दलित वस्तीत, म्हणजे पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं यावं. माझ्या आजोळचा हापसाही वस्तीतच होता. आमची तिथली आजी पहिल्या उन्हाळ्यात रात्री पदर डोक्यावरून ओढून जायची. पुढच्या उन्हाळ्यात दिवसाढवळ्या जाऊ लागली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तिथल्या बाईशी गप्पा मारत तासभर बसायची. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा आजोळी पेढे वाटले होते, जणू घरातच कुणी पास झालं होतं.

आत्या गेल्यावर आई माहेरी गेली ती तिथल्या आरोग्याच्या बाईंना सगळं विचारून आली. परत आल्यावर तिनं चुलीवर मोठं पातेलं चढवलं आणि पिण्याचं पाणी खळखळ उकळायला घेतलं. आजीला तो अपमान वाटला. "सात वेळा तुरटी फिरवलेलं पाणी तुला चालंना व्हय?" दोन महिने दोघींमध्ये पाण्यावरून अबोला होता. मग आजीनं तडजोड काढली. पाणी आईनं उकळायचं, पण त्यात तुरटी आजीनं फिरवायची. वास्तविक उकळल्यावर तुरटीची गरज नव्हती. पण घर चालायचं तर असंच चालतं. गरोदर बाईसाठी वेगळा झाकणाचा तांब्या आणि पाणी काढायला लांब दांड्याची पळी, हा नियमही आईचाच. आजही आमच्या कुठल्याही भावंडाच्या घरी जा, माठात हात बुडवून पाणी घेतलं तर चारी दिशांनी ओरडा होतो.

धाकट्या काकूची गोष्ट वेगळी, कारण ती पिवळी पडलीच नाही. १९८३ साली तिला पहिल्या खेपेला आठवा सरता सरता खाज सुटली. पुरळ नाही, गांधी नाहीत. तळहात आणि तळपाय, आणि तेही रात्री. आम्ही पोरी तिच्या खोलीत झोपायचो. मध्यरात्री जाग आली की काकू सुंभाच्या बाजेवर बसून बाजेच्या काथ्यावर तळवे घासत असायची. कधी उठून ओसरीच्या गार फरशीवर अनवाणी येरझाऱ्या घालायची. पिंडऱ्यांवर ओरखडे उठलेले. घरानं जमेल ते सगळं केलं. खोबरेल, कडुलिंबाचा पाला, आमसुलाचं पाणी, सब्जा. उष्णता, दुसरं काय? शेजारच्या म्हाताऱ्या हसून म्हणायच्या, बाळाला जावळ भरपूर येणार, म्हणून खाजवतंय. पण जावळ असतं पोटात आणि काकूचे तळवे खाजत होते, ही विसंगती कुणाच्या लक्षात आली नाही. आजीनं तिचीही पापणी ओढून पाहिली. पांढरीशुभ्र. मग आजी निर्धास्त झाली. तिच्या त्या नजरेला हुलकावणी देणारं हे पहिलं दुखणं.

नवव्यात एके दिवशी काकू म्हणाली, बाळ आज हललं नाही. मुलगा झाला, पुऱ्या दिवसांचा, अंगानं भरलेला, जावळ दाट. रडला नाही. आणि आठवड्याभरात काकूची खाज थांबली, जशी आली तशी. त्यावरून कुजबुज झालीच. नजर, बाहेरचं, पूर्वजन्मीचं. काकूनं एक गोष्ट तेव्हा मनाशी पक्की धरली आणि कुणाला बोलली नाही, की खाज आणि बाळ यांचा एकमेकांशी संबंध आहे. दुसऱ्या खेपेला पुन्हा खाज आली. सुदैवानं कळा तीन आठवडे आधीच सुरू झाल्या आणि मुलगी झाली.

ती मुलगी २०११ साली पुण्यात गरोदर असताना फोनवर सहज म्हणाली, "आई, रात्री तळपाय फार खाजतात गं." काकूनं हातातलं पीठ तसंच टाकलं, मिळेल त्या एसटीत बसली आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन डॉक्टरांसमोर हजर. "साहेब, हिच्या बाळाला पुऱ्या दिवसांपर्यंत आत ठेवायचं नाही," हे तिचं पहिलं वाक्य. डॉक्टर चमकले, मग खुर्ची पुढं ओढून ऐकायला लागले. गरोदरपणात काही बायकांच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही. पित्ताम्लं रक्तात साचतात आणि खाज सुटते. डोळे बहुधा पांढरेच राहतात. बाईला त्रास खाजेपुरता, पण ती आम्लं फार चढली तर बाळ पोटातच अचानक जाण्याचा धोका वाढतो. कधीकधी ते आईकडून लेकीकडं येतं, आणि पुढच्या खेपेला पुष्कळदा परततं. रक्ताची तपासणी झाली, अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलावणं. सदतिसावा आठवडा भरल्यावर कळा आणवून बाळंतपण केलं. काकूनं तेव्हा डॉक्टरांना विचारलं, १९८३ साली माझं तेच झालं होतं का? डॉक्टर म्हणाले, तपासणी नसताना मी कसं सांगू, पण तुम्ही जे सांगताय ते तसंच वाटतं. काकूला तेवढं पुरलं. अठ्ठावीस वर्षं तिला कुणी एवढंही म्हणालं नव्हतं.

'पित्त' या शब्दानं आमच्या गल्लीतल्या एका बाईचाही जीव घेतलाच असता. नवव्यात रक्तदाब चढलेला, बरगडीखाली उजवीकडं कळ, उलट्या, आणि घरचे सुंठ-साखर देत बसले. ते हेल्प नावाचं दुखणं असावं. नाव मदतीचं वाटतं, पण ते इंग्रजी आद्याक्षरं जुळवून झालेलं आहे. रक्तपेशी फुटतात, यकृत सुजतं, प्लेटलेट घसरतात. त्यावर उपाय बाळंतपणच, तेही तातडीनं. ती वाचली, नशिबानं. तेव्हापासून आईनं फतवा काढला की सातव्यानंतर कुणाही बाईला पित्त होत नाही. झालंच तर आधी रक्तदाब मोजायचा.

बाळांच्या काविळीला मात्र घरात कुणी घाबरत नसे. तिसऱ्या दिवशी पिवळेपणा यायचा, आठ-दहा दिवसांत जायचा. पाचवीची पूजा, सटवाईचा टाक आणि कोवळं ऊन हे बरोबरीनं चालायचं. आजी सकाळी बाळ उघडं करून, टाळूला तेल, डोळ्यांवर पदराची सावली धरून ओसरीवर बसायची. नाकाचा शेंडा अंगठ्यानं दाबायची आणि सोडायची. दाबलेली जागा क्षणभर पांढरी होते का पिवळी, ते बघायची. पुढं बालरोगतज्ज्ञांनाही मी हेच करताना पाहिलं तेव्हा आजीची आठवण येऊन हसू आलं.

१९८८ साली थोरल्या वहिनीचं दुसरं बाळ पहिल्याच संध्याकाळी पिवळं दिसलं. आजीचे तेव्हा हातपाय थकले होते, पण नजर शाबूत. "पहिल्या दिसाचं पिवळं माझं नव्हं," ती म्हणाली. "उचला." वहिनीचा रक्तगट ओ निगेटिव्ह. पहिल्या बाळंतपणानंतर अँटी-डीचं इंजेक्शन द्यायला हवं होतं. ते औषध १९६८पासून वापरात आहे. पण जिथं ती बाळंत झाली तिथं कुणी दिलं नाही आणि आम्हालाही विचारायचं कळलं नाही. बाळाचं रक्त बदलावं लागलं. मग ते काचेच्या पेटीत, डोळ्यांवर पट्टी, अंगावर निळा उजेड. आजीला खुर्चीवर बसवून दाखवायला नेलं. ती बराच वेळ बघत राहिली. "उन्हाचा तुकडा तोडून आणलाय जणू," म्हणाली.

तिला माहीत नव्हतं, पण त्या निळ्या दिव्याचा जन्म खरोखर उन्हातच झालेला. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एका बाळाच्या अंगाचा पिवळेपणा उतरलेला आणि चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तुकडा तेवढा पिवळाच, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्यातून दोन वर्षांत दिव्याचा उपचार उभा राहिला. कुठल्या तरी सिस्टरनं बाळाचं दुपटं बाजूला सारून पाहिलं आणि जगभरच्या बाळांचे मेंदू वाचले. फक्त खिडकीतल्या उन्हावर आता विसंबू नका म्हणतात, आणि ते खरंच आहे. बिलिरुबिन किती चढलंय ते अंगठ्याला कळत नाही.

बी काविळीनं मात्र घराचं वेगळंच रूप दाखवलं. धाकट्या पुतण्याची बायको २०१३ साली गरोदरपणाच्या तपासणीत हेपटायटिस बी पॉझिटिव्ह निघाली. दिसायला ठणठणीत. पण कागद घरी आला आणि कुणीतरी, नाव घेत नाही, तिचं ताट वेगळं केलं. जी आजी घराची आमटी पांढरी करायची ती जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. तिच्या जागी आता शिकलेली माणसं होती. आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी ओसरीवर बसून स्पष्ट सांगितलं की ही ताटातून पसरत नाही, रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरते. बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन दिलं की धोका बहुतांशी टळतो, आणि आईनं अंगावर पाजायला हरकत नाही. ही लस २०११पासून देशभर सरकारी लसीकरणात आली आहे. बाळाला ती वेळेवर मिळाली. ताटाचं मात्र आईनंच केलं. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांदेखत नातसुनेच्या पानात जेवायला बसली आणि तिच्या वाटीतली आमटी ओरपली. हळद घातलेली.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आम्ही अजून नगरच म्हणतो. वाडा विकला, भावंडं पांगली. गेल्या श्रावणात आत्याच्या मुलाच्या लेकीला मुलगी झाली, पुण्यात. तो कापसातला मुलगा आता आजोबा आहे, ढेरी सुटलेला. पाचव्या दिवशी बाळ पिवळं वाटतंय म्हणून त्यानं घाबरून काकूला व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारीच होते. काकू आता म्हातारी, कानानं अधू. तिनं फोन डोळ्यांपाशी नेला.

"ट्यूब बंद कर आधी. खिडकीपाशी ने. नाक दाब. अंगठ्यानं, हळू. हां. आज डॉक्टरला दाखवलं का? मोजलं का? किती म्हणाले?"

त्यानं आकडा सांगितला. काकूला आकड्यातलं कळत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली.

"बरं. शी कोणत्या रंगाची होतीय?"

"काकू, आता ते काय..."

"पांढरी असली तर लागलीच न्यावं लागतं बाबा. पित्ताची नळी बंद असली तर दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन करावं लागतं. डायपर दाखव."

पलीकडं जरा खसफस झाली. मग कॅमेरा खाली वळला आणि पडदाभर डायपर दिसू लागला.

"आणखी जवळ," काकू म्हणाली. "आणि उजेडात धर."